आंबोणात निजणे

अमरावती
८ जानेवारी २०२४

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. 'वळचण' या शब्दाला तू दिलेला अर्थ, 'पाहुणे निघतो म्हणून दारात चपला घालून उभे राहिल्यावर पुन्हा नव्याने सुरू होणारे बोलणे', वाचून मी एकटीच एवढी हसले की भांडी घासणारी बाई हात तसेच ठेवून बघायला आली. वळचण म्हणजे छपराचा भिंतीबाहेर आलेला काठ, हे मला ठाऊक नसतं तर तुझा अर्थ मी बिनतक्रार घेतला असता. शाळेत असताना एखाद्या पोराने पेपरात असं लिहिलं असतं तर गुण कापताना माझा हात अडखळला असता.

कानाचं विचारलंस. यंत्र लावलं की नुसती शीळ वाजते, म्हणून ते डबीत ठेवलंय. कुकरची शिट्टी मला आता फक्त दिसते. बाळकृष्ण महिन्यातून एकदा नाशिकहून येतो आणि आई तू आता तिकडेच चल म्हणून पाटीवर लिहून दाखवतो. मी चष्मा सापडत नाही म्हणते. दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत जात राहते. बसवत नाही. कुणी हाक मारली असेल आणि आपल्याला कळली नसेल असं सारखं वाटतं, म्हणून उठून दार उघडून बघते. तुझं पत्र आलं की तेवढा वेळ एका जागी बसते.

तर हे घे तीन शब्द. काही अर्थ खरे, काही माझे. कोश उघडायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं ते पुढच्या पत्रात सांगायचं.

रांजणवाडी : पापणीच्या काठावर येणारी दुखरी पुळी.

मोगरी : गजऱ्याचा भाव विचारून, वास घेऊन, न घेताच पुढे जाणारी बाई.

आंबोण : आंब्याला मोहर आला की पहाटे झाडाखाली साठून राहते ती ओलसर, गोड ऊब. 'आंबोणात निजणे' म्हणजे अगदी निर्धास्त झोपणे.

जितेंद्ररावांना आशीर्वाद सांग.

तुझी,
कमलिनीमावशी

*

नेहरू नगर, भोपाळ
२९ जानेवारी २०२४

प्रिय मावशी,
सा. न.

उत्तराला उशीर झाला, कारण इथे बरंच काही घडलं. आधी खेळ. मोगरी तुझी, हे न सांगता कळलं. रांजणवाडीही तुझीच, पुळीला कुणी वाडी म्हणेल का? आंबोण मात्र खरा. असा अर्थ कुणी बसून रचू शकत नाही. वाचल्यापासून तो शब्द माझ्या जिभेवर आहे.

आणि तो कामी आला बघ. आमच्या शेजारच्या सुरेशरावांची गौरी तुला आठवत असेल. तू आली होतीस तेव्हा तिने तुझ्या चष्म्याच्या काचांना काजळ लावलं होतं. सुरेशराव आणि वहिनी दोघंही गेल्यापासून तिला माहेर असं माझंच घर. लग्न होऊन ती इथल्याच इंद्रपुरीत गेली, नवरा मंदार तिथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर. बऱ्याच वर्षांनी, बऱ्याच औषधांनंतर तिला मुलगी झाली, पण दिवस भरायच्या फार आधी. पोर मुठीएवढी. काचेच्या पेटीत ठेवलीय, नळ्या लावलेल्या. पेटीवर चिठ्ठी आहे, 'गौरी की बेबी'.

मी भेटायला गेले तेव्हा गौरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, काकू, हिला काहीतरी नाव द्या, अस्सल मराठी, ज्याला आपल्या मराठी मंडळात कुणी हसणार नाही. तुला सांगितलं नव्हतं, पण मागच्या वर्षीच्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात ती 'मला भीती लागते' असं म्हणाली आणि दोघीतिघी हसल्या. भीती वाटते, लागत नाही, असं तिला सगळ्यांसमोर समजावलं गेलं. जन्मापासून इथे वाढलेली मुलगी, तिच्या तोंडी हिंदी मिसळणारच. तेव्हापासून तिने मंडळात पाऊल टाकलं नाही.

मी तिला आंबोण दिलं. अर्थ सांगितला, निजण्याचाही सांगितला. तिने दोनदा म्हणून पाहिलं. मग उठली, हात धुऊन पेटीपाशी गेली आणि भोकातून आत हात घालून पोरीला त्या नावाने हाक मारली. तिच्या सासूबाई, कुसुमताई, दारव्ह्याजवळच्या गावाहून आल्या आहेत. त्या माझ्याकडे एकदा बघून बाहेर निघून गेल्या. मोकळं रडायला गेल्या असाव्यात.

घरी आल्यावर मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शब्द आणि अर्थ टाकला. अध्यक्ष मधुकरराव तर हरखूनच गेले. तुझं नाव लिहिलंय मी खाली.

तुझी,
सुरुची

*

अमरावती
६ फेब्रुवारी २०२४

चि. सुरुची,

आशीर्वाद वगैरे राहू दे. आंबोण मी रचला.

शब्द खरा आहे, अर्थ माझा आहे. आंबोण म्हणजे दूध काढायच्या वेळी गाईम्हशीपुढे घमेल्यात ठेवतात ते, सरकी, पेंड, कोंडा भिजवून केलेलं खाणं. आणि पुळीला रांजणवाडीच म्हणतात, तीही तू चुकलीस.

पत्र वाचून आधी मला हसू आलं, हे लपवत नाही. मग गौरीने हात धुऊन हाक मारली तिथे आले आणि पुढे वाचवेना. स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा वाचलं. तीच गौरी, काजळवाली.

बाळकृष्णाकडून तुला फोन करवावा असं मनात आलं होतं. पण त्याला हे कळलं तर आईचं डोकं ठिकाणावर नाही याला त्याला पुरावाच मिळेल, आणि पुढच्या महिन्यात मी नाशिकला. म्हणून हे स्पीड पोस्टने टाकतेय. पाळण्यात नाव ठेवायच्या आत तिला सांग. ग्रुपवरचंही दुरुस्त कर, माझं नाव घालूनच कर. मला काही लाज नाही.

आहे, पण ती माझी मी बघेन.

मावशी

*

नेहरू नगर, भोपाळ
१४ फेब्रुवारी २०२४

प्रिय मावशी,

सांगितलं नाही अजून. ग्रुपवरही नाही.

तुझं पत्र हातात घेऊनच दवाखान्यात गेले होते. पोरीला त्या दिवशी श्वासाचा त्रास झाला होता, नंतर जरा बरी होती. गौरी पेटीपाशी स्टुलावर बसून तिच्याशी बोलत होती. 'आंबोणात नीज गं माझी आई,' असं हळूहळू, न थांबता. नर्ससुद्धा तिला आंबोणी म्हणायला लागली आहे. मी कसं तोंड उघडू? पर्समध्ये तुझं पत्र, हातात केळी. केळी देऊन आले.

त्यानंतर पुन्हा गेले, तेव्हा कुसुमताई दारातच होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी पदर सारखा केला आणि गौरी झोपलीय म्हणाल्या. झोपलेली नव्हती, आवाज येत होता आतून. त्यांना मी आवडत नाही असं दिसतं.

घरात लक्ष लागत नाही. वरण करपलं. संध्याकाळी मोठ्या तलावावर फिरायला गेले तर अर्ध्या वाटेतून परत आले, कशाला आले होते तेच आठवेना. जितेंद्र म्हणतात सोडून दे, भोपाळात कुणाला ठाऊक आहे हा शब्द? आणि मला ते पटायला लागलंय. मावशी, तूच सांग. शब्द तर विसरलेलाच आहे. कुणी वापरत नाही, कुणी ओळखत नाही. आपला अर्थ त्याला चिकटला आणि एक पोर त्यावर जगली तर कुणाचं काय गेलं?

मधुकररावांनी त्या अर्थाचं पोस्टर करून कुठे कुठे पाठवलंय. मला परवा ते इंदूरच्या एका बाईंकडून परत आलं, मोहराच्या चित्रासकट. पाडव्याच्या अंकात लेख लिहितो म्हणतात. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तू हो म्हण ना. तू हो म्हटलंस की मला झोप लागेल.

सुरुची

*

अमरावती
२२ फेब्रुवारी २०२४

चि. सुरुची,

हो म्हणत नाही.

शब्द विसरलेला आहे असं तू म्हणतेस. नेहरू नगरात विसरला असेल. ज्या घरी म्हैस आहे त्या घरी आजही तो रोज दोनदा उच्चारला जातो. गौरीच्या सासूबाई दारव्ह्याकडच्या ना? त्यांच्या घरी गोठा होता का, हे तू विचारलंस का कधी? मला वाटतं विचारायला भितेस.

आपण दोघी इतकी वर्षं हे खेळतोय, कारण दोघींनाही ठाऊक असतं की समोरची फसवणार आहे. गौरीला कुणी सांगितलं होतं, की खेळ चालू आहे? तू मला विचारायचं होतंस, मी उत्तर देईपर्यंत थांबायचं होतंस. आणि मी असला अर्थ रचायचाच नव्हता. बाकीचे थट्टेचे असतात. हा लिहिताना मी थट्टा करत नव्हते. थंडीत पहाटे जाग येते, काही ऐकू येत नाही, पायाला ऊब लागत नाही. तेव्हा बसून लिहिला. एखादं खोटं मनापासून लिहिलं जातं, तसं झालं. म्हणून तर तू फसलीस.

तुला जमत नाही ना? मग मी सांगते. सोबत गौरीसाठी पत्र आहे. पाकीट बंद केलेलं नाही, वाच हवं तर. फक्त तिच्या हातात दे.

मावशी

(सोबतचे पत्र)

चि. सौ. गौरीस,

मी सुरुचीची मावशी. तू लहान असताना माझा चष्मा काळा केला होतास, ती.

तुझ्या मुलीचं नाव म्हणून जो शब्द तुला मिळाला, त्याचा अर्थ खरा नाही. तो मी सुरुचीशी चाललेल्या एका खेळात रचला आणि तिने तो खरा समजून तुला दिला. आंबोण म्हणजे दुभत्या जनावराला दूध काढताना देतात ते सरकी-पेंडीचं खाणं. नाव ठेवायच्या आत तुला हे कळलं पाहिजे, म्हणून लिहिते आहे.

सुरुचीने तुला मुद्दाम फसवलं नाही. मीही तुला फसवायला गेले नव्हते, पण फसवलं ते मीच. माफी मागते. तू ती द्यावीस असा आग्रह नाही. मुलगी बरी आहे एवढं कुणाकडून तरी कळव.

कमलिनी

*

नेहरू नगर, भोपाळ
५ मार्च २०२४

प्रिय मावशी,

पत्र दिलं. काय झालं ते सगळं लिहिते, म्हणजे माझं मलाही नीट कळेल.

पोर घरी आलीय. आज दुपारी इंद्रपुरीला गेले. दार कुसुमताईंनी उघडलं. गौरी अंघोळीला गेली होती, पोर खाटेवर दुपट्यात. कुसुमताई पुन्हा तिच्या पायांना तेल लावायला बसल्या, माझ्याकडे न बघता. मी पाकीट मांडीवर घेऊन समोर बसले. काही बोलायचं म्हणून मी विचारलं, तुमच्याकडे गावी जनावरं होती का.

त्या म्हणाल्या, "चार म्हशी होत्या. आंबोण मीच भिजवत होती, लगीन झाल्यापासून."

मला वर बघवेना. त्यांनी पोरीचा पाय हळूच खाली ठेवला.

"मले पयल्याच दिवशी समजलं," त्या म्हणाल्या. "वाटलं तुमी मुद्दाम केलं. गावची माणसं म्हणून आमची मजाक."

तसं नव्हतं असं मी सांगितलं. माझी मावशी, आमचा खेळ, मला खरंच खरा वाटलेला अर्थ, सगळं एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. मग मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं तर तुम्ही तिला का सांगितलं नाही?

"तोवर तिनं पोरीकडे नीट पायलं नव्हतं, बाई. पोर मरन म्हणून पाहत नव्हती. त्या दिवशी उठून हाक मारली तिनं. आता मी कोणत्या तोंडानं म्हणू, का हे म्हशीचं खाणं हाय?"

मी ज्याला रडू समजले होते ते हे होतं, मावशी. आणि दारात अडवत होत्या तेही मला गौरीपासून दूर ठेवायला. मी आणखी काही नवीन सांगीन, या भीतीने.

तेवढ्यात गौरी आली, केसांना पंचा बांधलेला. तिला पाकिटावर स्वतःचं नाव दिसलं. मी दिलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात. एकदा वाचून झालं, पुन्हा वरपासून वाचलं. मग मला विचारलं, "आणि ते 'आंबोणात निजणे'? ते पण नाही?"

मी म्हटलं, "ते पण नाही."

तिने पत्राची घडी घातली. पोरीला उचललं, खिडकीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तशीच म्हणाली, "काकू, आज तुम्ही जा."

कुसुमताई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथे आम्ही दोघी उभ्या राहिलो.

सुरुची

*

अमरावती
१८ मार्च २०२४

चि. सुरुची,

तुझं पुढे पत्र नाही. पोस्टमन दोनदा दारावरून गेला, मी खिडकीतच होते. गौरीचं काही कळलं का? पोर दूध पिते का? चार ओळी लिही. बाळकृष्ण आला होता. त्याने विचारलं आई तुला काय झालंय, आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं रागावेल. तो पाटीवर लिहून गेला, 'मला लहानपणी किती शब्दांचे अर्थ खोटे सांगितलेस?' तेव्हापासून मी आठवत बसले आहे.

मावशी

*

नेहरू नगर, भोपाळ
१० एप्रिल २०२४

प्रिय मावशी,

गौरीचं काही कळत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. फोन मंदार उचलायचे, छान आहे म्हणायचे आणि ठेवायचे.

काल पाडव्याचा कार्यक्रम होता. मधुकररावांच्या लेखाचं मी त्यांना बोलले नव्हते. अंक निघालाच नाही, छपाई पुढे गेली, तेव्हा विषय संपला असं मी स्वतःला सांगितलं होतं. नेहमीप्रमाणे माझ्या रविवारच्या मराठीच्या वर्गातली मुलं गाणं म्हणून गेली. मग मधुकरराव उठले. भाषेचं कौतुक झालं. आणि त्यांनी सुरू केलं, की भोपाळच्या एका लेकीने आपल्या मुलीला मराठीतलं हरवलेलं रत्न नाव म्हणून दिलंय. गौरीचं नाव घेतलं, घर कुठलं ते सांगितलं. आंब्याचा मोहर, पहाट, ऊब. टाळ्या पडल्या. ते म्हणाले, या नावाचं बारसं मंडळाने आपल्या सभागृहात करावं.

मला उठायचं नव्हतं, मावशी. जितेंद्रनी हात धरला होता. पण ते बारशापर्यंत आले आणि मी उभी राहिले.

मी म्हटलं, "तो अर्थ खोटा आहे. माझ्या मावशीने खेळात रचला. मी न तपासता गौरीला दिला. चूक माझी आहे, गौरीची नाही."

मागून कुणीतरी विचारलं, मग खरा काय? मी सांगितलं. एका टोकाला हसू फुटलं आणि पसरत पसरत पुढच्या रांगेपर्यंत आलं. माझ्या वर्गातली मुलंही हसली, त्यांना काय कळलं कोण जाणे. मी उभीच होते. बसायचं कसं तेच कळेना. संक्रांतीला गौरी मध्येच उठून गेली होती, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, एवढं काय मनाला लावून घेतेस.

मधुकरराव खूप संतापले. नंतर चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि रविवारचा वर्ग काही दिवस त्यांच्या सुनेने घ्यावा असं सुचवलं. मुलांना चुकीचं शिकवलं जायला नको, म्हणाले. मी वर्गाच्या कपाटाची किल्ली तिथेच दिली.

आता रविवारी काय करू ते ठरत नाहीये. आज सकाळपासून सगळे डबे घासले.

सुरुची

*

इंद्रपुरी, भोपाळ
२२ एप्रिल २०२४

कमलिनीआजींना नमस्कार.

मी गौरी. तुमची चिठ्ठी माझ्याजवळ आहे. मला मराठी लिहायला टाइम लागतो आणि चुका होतात, तर समजून घ्या. हे मी कोणाला दाखवलं नाही, डायरेक्ट पाठवते आहे.

तुम्ही लिहिलं होतं की माफी द्यायचा आग्रह नाही. बरं केलं. मला खूप राग आला होता. अजून पण येतो. तुम्ही आणि काकू दोघी शिकलेल्या, तुमच्याजवळ इतके शब्द आहेत की तुम्ही त्यांच्याशी खेळता. माझ्याजवळ थोडेच आहेत. त्यातला एक खूप सुंदर मिळाला होता, आणि मी तो रोज वापरला. दवाखान्यात माझ्या समजमध्ये काहीच येत नव्हतं, डॉक्टर काय बोलतात, मशीन का वाजते. ते एकच वाक्य मला पक्कं माहीत होतं, तर मी तेच बोलत राहायची. तुमची चिठ्ठी वाचली त्या दिवशी पोरगी रडत होती आणि मला कळेना की हिला आता काय म्हणून झोपवू. तोंड उघडायची आणि तेच यायचं.

सासूबाईंशी पण मी बोलत नव्हते. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी मला तसंच बोलू दिलं, याचा वेगळा राग. त्या स्वयंपाक करायच्या, पोरीची मालिश करायच्या. एक दिवस मीच विचारलं की आई, आंबोण करतात कसं. त्यांनी सगळं सांगितलं. सरकी कधी भिजवायची, मीठ किती, कोणती म्हैस तोंड लावत नाही. सांगता सांगता म्हणाल्या की मंदार पोटात होता तेव्हा घरात दूध विकायचं असायचं, म्हणून आंबोण रोज व्हायचं, आणि त्यांना स्वतःला मात्र भाकरी उरली तर. तेव्हा त्यांना म्हशीचा हेवा वाटायचा. हे त्यांनी मंदारला पण कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर आम्ही बोलायला लागलो.

पाडव्याचं मला मंदारच्या ऑफिसमधल्या एकाने सांगितलं. काकू उभ्या राहिल्या आणि सगळे हसले. खरं लिहिते आजी, ऐकून आधी मी खूश झाले. संक्रांतीला मी जशी उभी होते तशा त्या पण उभ्या राहिल्या, असं वाटलं. ते खूश होणं दुसऱ्या दिवशीपर्यंत पण टिकलं नाही. त्यांचा रविवारचा क्लास गेला हे मला नंतर कळलं. मी त्याच क्लासमध्ये अ आ शिकले होते, त्यांच्या ओट्यावर. मी फोन नाही केला. काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

पोरगी बरी आहे. दूध पिते आणि हात पाय इतके मारते की दुपटं राहत नाही. तुम्ही विचारलं होतं म्हणून लिहिते.

नाव मंदारने सांगितलं. जुई. फूल आहे, सगळ्यांना माहीत आहे, कोणाला अर्थ विचारायला जायची गरज नाही. नर्स लोकांना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमची तर आंबोणीच राहील. राहू दे.

बारसं येत्या रविवारी घरीच करतोय. मधुकरकाकांना बोलावलं नाही. तुम्हाला ही चिठ्ठी वेळेवर मिळाली तर या, नाही आलात तरी चालेल, तुमची मर्जी. हबीबगंज स्टेशनला उतरा, बोर्डवर आता नवीन नाव आहे, मंदार घ्यायला येतील. तुम्हाला ऐकू येत नाही असं काकू सांगायच्या. मी लिहून बोलेन, हळूहळू.

पाळण्यात नाव कानात आत्या सांगते. मंदारला बहीण नाही. सासूबाई म्हणाल्या की कोणाला बसवायचं, आणि मी काकूंचं नाव घेतलं. काल जाऊन त्यांना बोलावून आले. त्यांनी तिथेच रडायला सुरुवात केली, मग मी जास्त थांबले नाही. आजी, माझ्या मनातलं सगळं अजून गेलं नाहीये. पण जुईच्या कानात नाव काकूच सांगतील. मी तेव्हा अगदी जवळ उभी राहणार आहे, त्या काय सांगतात ते ऐकायला.

तुमची,
गौरी